जॉमरेच्या नावावरचं हृदय

लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद मालसुनने तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने नखाने त्याचा कोपरा खरवडून पाहिला, जणू खालून खरा मजकूर निघणार होता.

येत्या गुरुवारी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातर्फे प्रभागाच्या व्यायामशाळेत नागरिकांसाठी आरोग्य मेळा भरणार होता. रक्तदाब, साखर, हाडं, हृदयाचा आलेख, सगळ्या तपासण्या मोफत. शिवाय डॉक्टरांचं व्याख्यान. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: येणाऱ्या प्रत्येकास टॉयलेट पेपरचे बारा रोल भेट.

"बारा!" मालसुन तळमजल्यावरच्या ज्येष्ठांच्या खोलीत शिरता शिरता म्हणाली. "एक नाही, दोन नाही, बारा!"

खोलीत गरम फरशीवर बसून चार बायका पत्ते खेळत होत्या आणि जॉमरे त्यांच्यासाठी भाजलेली रताळी सोलत होती. जॉमरे तिसऱ्या मजल्यावर राहायची, मालसुन सातव्या. दोघी विधवा, दोघी सत्तरीच्या पुढच्या. मालसुन दोन वर्षांनी मोठी म्हणून ताई.

"बरंय की ताई," जॉमरे म्हणाली. "मेळ्याला जाऊ आपण. माझे रोल संपतच आलेत."

"जा, जा. आणि येताना आणखी एक गादी घेऊन ये."

जॉमरेने मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या रिकाम्या दुकानात चार तरुण आले होते. येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला 'आई, आई' म्हणत खांदे चेपून देत, गाणी म्हणत, रोज अंडी नाहीतर टॉयलेट पेपर वाटत. तीन आठवड्यांनी त्यांनी सांधेदुखी, मधुमेह आणि एकटेपणा घालवणाऱ्या गरम गाद्या विकायला काढल्या, आणि चौथ्या आठवड्यात दुकान रिकामं झालं. जॉमरेने एक गादी घेतली होती हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. मालसुनने दोन घेतल्या होत्या, हे फक्त मालसुनला.

"अगं, पण ही विद्यापीठाची माणसं आहेत," पत्ते पिसणारी बाई म्हणाली. "शिकलेली."

"ते चौघे काय अडाणी होते? पांढरे कोट त्यांच्याकडेही होते." मालसुनने एक रताळं उचललं. "फुकट कोण देतं ते मला विचारा. यॉसूच्या मासळीबाजारात चाळीस वर्षं काढलीत मी. गिऱ्हाइकाच्या पिशवीत मी मूठभर सुकी मासळी वर टाकायचे. कोणाच्या? ज्याला जुना माल बांधून दिलाय, त्याच्या."

जॉमरे रताळं सोलायची थांबली. चाळीस वर्षं ती मालसुनकडूनच मासळी घेत आली होती, आणि तिच्या पिशवीत दर वेळी मूठभर मासळी वर पडत असे. तिने पुढचं रताळं हातात घेतलं.

"मी जाणार आहे," मालसुनने जाहीर केलं. "एकटी. यांचं बिंग फोडून येते. तुम्ही कोणी पाऊल टाकायचं नाही तिथे."

*

व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं मांडली होती. दाराशी एक मुलगी बसली होती, कोट पांढरा, हसू गोड. मालसुनच्या मते दोन्ही लक्षणं वाईट होती.

"या आजी, या. नाव सांगता?"

आता ही खरी अडचण. नाव सांगितलं की पुढे फोन येणार, फोन आला की माणसं येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खोटं नाव ठरवून यायला मात्र ती विसरली होती.

"बांग जॉमरे," तिच्या तोंडून निघून गेलं.

"फोन नंबर?"

मालसुनला जगातला एकच नंबर पाठ होता, आणि तो जॉमरेचा होता. तोच तिने सांगितला. इमारत, घर क्रमांक? तेही जॉमरेचंच सांगितलं. एकदा नाव दिल्यावर घर लपवण्यात काही अर्थ नव्हता.

रक्तदाबाच्या टेबलावर तिने थेट विषयाला हात घातला.

"हे यंत्र केवढ्याला देता?"

"आजी, हे विकायचं नाहीये."

"आज नाही. उद्या?"

"उद्याही नाही."

"म्हणजे परवा," मालसुन मनात म्हणाली. पहिल्या दिवशी ते कधीच काही विकत नाहीत.

हाडांच्या टेबलावर तिने कॅल्शियमच्या गोळ्यांची चौकशी केली. तिथल्या बाईने, रोज थोडं ऊन खा आणि छोटे मासे काट्यांसकट खा, एवढंच सांगितलं. चाळीस वर्षं मासे विकलेल्या बाईला मासे खायला सांगतात, म्हणजे माझी माहिती आधीच काढलीय यांनी, असं मालसुनला वाटलं. तिचा संशय आता रीतसर खात्रीकडे झुकू लागला.

शेवटी पडद्यामागे खाटेवर झोपवून तिच्या हातापायांना चिमटे लावले, छातीवर तारा चिकटवल्या. कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली. डॉक्टर प्यो नावाची एक तरुण बाई ती पट्टी बघत राहिली. मग तिने तारा तपासल्या, पुन्हा पट्टी काढली आणि खुर्ची ओढून जवळ बसली.

"आजी, चक्कर येते का कधी? डोळ्यांपुढे अंधारी?"

गेल्या महिन्यात मालसुन एकदा बसथांब्यावर मटकन खाली बसली होती. एकदा जिन्यात. आणि परवा भांडी घासताना दोन क्षण कुठे गेले ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. पण शत्रूच्या हातात आपण होऊन माहिती द्यायला ती काही जॉमरे नव्हती.

"छे! मी डोंगर चढते रोज."

"तुमची नाडी चौतीस आहे."

"मी शांत स्वभावाची आहे."

"आजी, हसण्यावारी नेऊ नका. मधे मधे ठोका चुकतोय. असं एकटीनं घरी जाणं बरं नाही. बाहेर आमची गाडी आहे, आपण आत्ताच रुग्णालयात जाऊ या."

गाडी! मालसुनला हवं ते मिळालं. त्या चौघांनीही शेवटच्या आठवड्यात गाडी आणली होती, आणि तीस म्हाताऱ्यांना भरून गाद्यांच्या कारखान्यावर नेलं होतं.

"येते की," ती नरमाईने म्हणाली. "आधी जरा टॉयलेटला जाऊन येते."

टॉयलेटच्या शेजारी मागचं दार होतं. त्या दाराने ती बाहेर पडली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बारा बारा रोलांची दोन गाठोडी होती. पुरावा म्हणून एक पुरलं असतं, पण पुरावा जितका जास्त तितका बरा.

*

दुपारी जॉमरे किमचीसाठी मुळे चिरत होती, तेव्हा फोन वाजला.

"बांग जॉमरे आजी का? आजी, तुम्ही कुठे गेलात? आम्ही सगळीकडे शोधतोय तुम्हाला!"

"मी? मी घरीच आहे. मुळे चिरतेय."

"सकाळी मेळ्यातून तुम्ही न सांगता निघून गेलात. तुमच्या हृदयाचा आलेख अजिबात चांगला नाहीये."

"पण मी मेळ्याला आलेच नव्हते हो."

 फोनवरची बाई बाजूला कोणाशी तरी हळू आवाजात बोलल्याचं जॉमरेला ऐकू आलं: "सकाळचंही आठवत नाहीये त्यांना. मेंदूला रक्त कमी पडतंय बहुतेक." आणि मग फोनवर, फार प्रेमाने, "आजी, सुरी खाली ठेवा. दार उघडं ठेवा आणि पडून राहा. आम्ही अँब्युलन्स पाठवतोय."

जॉमरेने सुरी खाली ठेवली, दार उघडं ठेवलं, पण पडून न राहता ती लिफ्टने सातव्या मजल्यावर गेली.

"ताई, मला काहीतरी झालंय," ती दारातच रडवेली होऊन म्हणाली. "मी सकाळी मेळ्याला गेले होते म्हणे. मला काही आठवत नाही. माझं हृदय बिघडलंय आणि आता डोकंही चाललंय."

मालसुनच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं, जसं मासळीबाजारात खोटं वजन पकडल्यावर चढायचं.

"सापडले!" तिने टाळी वाजवली. "अगं वेडे, तू गेलीच नव्हतीस. मी गेले होते. मुद्दाम तुझं नाव सांगितलं."

"माझं? का?"

"सापळा होता तो! आता विचार कर. तू तिथे पाऊल ठेवलं नाहीस, त्यांनी तुला डोळ्यांनी पाहिलं नाही. आणि तरी तुला आजार निघाला! नुसत्या नावावर! ह्याला म्हणतात रंगेहाथ पकडणं."

जॉमरेला हे पटलं. तिला बहुतेक गोष्टी पटत असत. पण छाती मात्र धडधडत राहिली. एकदा हृदय बिघडलंय असं ऐकल्यावर, ते खोटं आहे हे नुसतं कानांना कळून भागत नाही.

तेवढ्यात खाली सायरन वाजला. दोघी तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा स्ट्रेचर घेऊन दोघे जण जॉमरेच्या दारात उभे होते आणि शेजारच्या तिन्ही घरांतली माणसं बाहेर आली होती. पत्ते खेळणाऱ्या बायका पत्ते हातात धरूनच वर आल्या होत्या.

"बांग जॉमरे कोण?"

"ही," मालसुनने तिला पुढे ढकललं. "तपासा. सगळ्यांसमोर तपासा."

त्यांनी जॉमरेला बसवून नाडी पाहिली, बोटाला चिमटा लावला, छातीला तारा लावल्या. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्हाला चौतीस सांगितली होती," मोठा म्हणाला. "इथे तर ब्याऐंशी आहे. आलेखही ठीक दिसतोय."

"ऐकलंत?" मालसुन जिन्यातल्या गर्दीकडे वळली. "त्यांचीच माणसं सांगताहेत हिला काही झालेलं नाही!"

"आजी, तरी एकदा रुग्णालयात चला, त्यांनी फार काळजीनं सांगितलंय," धाकटा म्हणाला.

"ती कुठेही येणार नाही. आम्ही पोलिसांत चाललोय."

*

पोलीस चौकी फार लांब नव्हती, पण वाट चढाची होती. मालसुन पुढे, काखेत रोलांचं गाठोडं, आणि मागे घाबरी जॉमरे. पहिल्या वळणावर मालसुन थांबली आणि भिंतीला टेकली.

"काय झालं ताई?"

"संताप. दुसरं काय होणार? अशा लोकांचा विचार केला तरी जीव वर येतो."

दुसऱ्या वळणावर ती पर्सिमनची फळं विकणाऱ्या बाईच्या स्टुलावर न विचारता बसली. ओठ पांढरे पडले होते. जॉमरेने तिच्या काखेतलं गाठोडं घेतलं, आणि मालसुनने ते घेऊ दिलं. आजवर मालसुनने आपल्या हातातली वस्तू कोणाला अशी घेऊ दिल्याचं जॉमरेला आठवत नव्हतं.

चौकीत हवालदार यॉम एकटाच बसला होता. वय पस्तीसच्या आसपास, स्वभावाने सावकाश. हरवलेली कुत्री आणि पार्किंगची भांडणं यांची त्याला इतकी सवय झाली होती की दोन आजी टॉयलेट पेपर टेबलावर ठेवून 'लिहून घ्या' म्हणाल्या, तेव्हा त्याने मुकाट्याने पेन उचललं.

मालसुनने सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यात गाद्या आल्या, जाळीखालची टेबलं आली, गोड हसणारी मुलगी आली आणि परवापासून विकायला काढणार असलेली यंत्रं आली. हवालदार लिहीत होता. एका जागी त्याचं पेन थांबलं.

"आजी, जरा थांबा. मेळ्याला कोण गेलं होतं?"

"मी."

"नाव कोणाचं सांगितलंत?"

"हिचं."

"खाटेवर कोण झोपलं?"

"मीच. दुसरं कोण झोपणार?"

"तारा कोणाच्या छातीला लावल्या?"

"माझ्या. थंडगार होत्या."

"आणि आजार निघाला तो?"

"हिला!" मालसुनने टेबलावर हात आपटला. "तेच तर सांगतेय मघापासून! माझ्या छातीला तारा लावून आजार हिला निघतो, म्हणजे केवढी मोठी फसवणूक…"

ती बोलता बोलता थांबली. हवालदार तिच्याकडे बघत होता.  सगळ्यात आधी कळलं ते जॉमरेला, जिला आयुष्यात कधी काही आधी कळलं नव्हतं.

"ताई," ती हलकेच म्हणाली, "अगं, ते हृदय तुझं."

  मालसुनने टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला. हवालदाराने तिचे शब्द व्यवस्थित, ओळीने लिहिले होते, आणि त्यांचा अर्थ एकच निघत होता.

"जॉमरे," ती म्हणाली, पण आवाज तिचा वाटला नाही. "मला अंधारी येते गं. महिना झाला. जिन्यात पडले होते एकदा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तू रडली असतीस."

जॉमरे आताही रडायलाच लागली, पण रडता रडता तिने मालसुनचा हात घट्ट धरला, हवालदाराला फोन लावायला सांगितलं आणि मालसुनला खुर्चीवरून हलायची बंदी केली. मालसुनने ते ऐकलं.

अँब्युलन्स आली. मघाचेच दोघे उतरले.

"पुन्हा बांग जॉमरे?" धाकट्याने विचारलं.

"हो, पण ही दुसरी," हवालदार म्हणाला.

मोठ्याने मालसुनच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं आणि स्ट्रेचर पुढे ओढलं. "ही घ्या चौतीस," तो धाकट्याला म्हणाला. "सापडली."

*

डॉक्टर प्यो अपघात विभागाच्या दारातच उभी होती.

"आजी, टॉयलेट सापडलं का?"

मालसुनने खजील होऊन छताकडे पाहिलं. पण खजील होणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. तिने आलेख आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा काढायला लावला. मग पलीकडच्या खाटेवरच्या एका धडधाकट मुलाचा आलेख शेजारी धरून दाखवायला लावला. वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ठोका चुकतो, आणि एखाद्या दिवशी पुढचा ठोका वेळेवर आलाच नाही तर कठीण होईल, असं डॉक्टरने चित्र काढून समजावलं.

"म्हणजे निरोप पाठवतात, पण वाटेत अडतो."

"अगदी बरोबर. म्हणून गळ्याखाली, कातडीच्या आत एक छोटं यंत्र बसवायचं. ते निरोप पोचवतं."

"आलं!" मालसुन उठून बसली. "आलं शेवटी यंत्र! मी म्हटलंच होतं!"

जॉमरेने तिला खांदा धरून पुन्हा आडवं केलं.

"बॅटरी किती वर्षं चालते?" मालसुनने आडव्यानेच विचारलं.

"दहा."

"बारावाली नाही?"

"आजी, तेव्हाचं तेव्हा बघू."

"सगळे असंच म्हणतात," मालसुन पुटपुटली आणि तिने सही केली. सही करताना नर्स, जॉमरे आणि डॉक्टर, तिघीही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. सहीत ग्वाक मालसुन हीच अक्षरं आहेत याची तिघींनी खात्री करून घेतली.

यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी बसलं. दुपारी जॉमरे तिळाची पेज घेऊन आली तेव्हा मालसुन उशांना टेकून बसली होती. ओठांना रंग आला होता आणि आवाजाला धार. उशाशी एक पडदा होता, त्यावर तिच्या हृदयाचे आकडे दिसत होते: अडुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर.

"ह्यांचा स्वभाव बघ जॉमरे," ती म्हणाली. "सकाळपासून जो येतो तो माझं नाव विचारतो. गोळी द्यायची, नाव काय. सुई टोचायची, नाव काय. पाणी मागितलं तरी नाव काय! पलीकडच्या बाईला एकदा विचारतात, मला दोनदा."

ते खरं होतं. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या पाटीवर कोणीतरी लाल शाईने लिहिलं होतं: नाव दोनदा विचारावे. सोबतच्या व्यक्तीकडून खात्री करावी.

नर्स औषधांचा ट्रे घेऊन आली. चेहरा हसरा.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"ग्वाक मालसुन."

"पुन्हा एकदा?"

"ग्वाक! मालसुन! अगं, किती संशय घ्यायचा माणसाचा? माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"नाही," नर्स गोड आवाजात म्हणाली आणि जॉमरेकडे वळली. "आजी, तुम्ही ओळखता ना यांना? ह्या ग्वाक मालसुनच ना?"

जॉमरेने पेजेचा डबा खाली ठेवला. ती खाटेजवळ गेली, मालसुनच्या तोंडासमोर तोंड नेऊन तिने तिला उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून पाहिलं.

"चेहरा ओळखीचा वाटतो खरा," ती सावकाश म्हणाली. "पण नावाचं विचाराल, तर मी काही सांगू शकत नाही बाई. तुम्ही आपली कागदपत्रं मागवून घ्या. हल्ली कोण कोणाच्या नावावर फिरतं, काय सांगावं?"

"जॉमरे!" मालसुन ओरडली.

पडद्यावरचा आकडा अडुसष्टवरून ऐंशी, नव्वद, अठ्ठ्याण्णव असा भराभर चढत गेला. नर्सने तो पाहिला, समाधानाने मान हलवली आणि तक्त्यावर खूण केली.

"छान," ती म्हणाली. "निरोप पोचतोय."